दारं धरणाऱ्याची बंदूक

आमच्या राहुरी तालुक्यात मुळा आणि प्रवरा या दोन नद्या, मुळा धरणाचं पाणी आणि त्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस. बिबट्याला आणखी काय हवं? दाट आडोसा आहे, प्यायला पाणी आहे, वस्त्यांवर कुत्री आणि शेळ्या आहेत. पूर्वी बिबट्या डोंगरातून येतो असं म्हणत. आता तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून मोजणी केली. २०१३ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरच्या, माणसांनी गजबजलेल्या भागात पाचेक पूर्ण वाढलेले बिबटे होते. त्या अभ्यासाच्या काळात तिथे एकाही माणसाचा बळी गेला नव्हता, हेही सांगायला हवं.

पण सगळीकडे असं होत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, दोन लेकरं आणि एक म्हातारी. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी वनखात्याच्या नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. असं काही घडलं, की आमच्याकडे चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सरकारला जमत नसेल, तर आम्हाला बंदुकीचे परवाने द्या.’

ही मागणी हसण्यावारी नेऊ नये. तिला इतिहास आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनाला मात्र सूट. हा अपमान लोकांना डाचत राहिला. म्हणून १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही आला. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क राज्यघटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारने शस्त्रं नाकारली ती गुलामांनी उठाव करू नये म्हणून, आता तो प्रश्न उरला नाही. पण कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्य चालायचं कसं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिकेत १७९१पासून बंदूक हा राज्यघटनेतला हक्क आहे. आपल्याकडे ती परवानगी आहे. मला विचाराल, तर आपण बरं केलं.

परवानगी आहे म्हणजे दार बंद आहे, असं नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांची चौकशी, हाताळणीचं प्रशिक्षण, आणि निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा. पण पिकाच्या राखणीची बंदूक बिबट्यावर चालवता येत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला सर्वांत वरचं संरक्षण दिलं आहे. प्रत्यक्ष जिवावर बेतलं तरच सुटका आहे, आणि तेही पुढे सिद्ध करत बसावं लागतं.

आता कायदा क्षणभर बाजूला ठेवू. रात्रीचे दोन वाजलेत. गडी दारं धरायला गेलाय. कपाळाला बॅटरी, हातात फावडं, पाय चिखलात. बिबट्या येतो तो मागून, आवाज न करता. त्या वेळी बंदूक कुठे असेल? बांधावर टेकवलेली असेल, नाहीतर ओली होऊ नये म्हणून मोटारीच्या खोलीत. आणि घाबरून झाडलीच, तर उसापलीकडे काय आहे ते कुणाला दिसतंय? हंगामात तिथे ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. त्यांत मुलं झोपलेली असतात.

ते मजूर बहुतेक शेजारच्या बीड जिल्ह्यातले. त्याच बीडमध्ये डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. खून बंदुकीने झाला नव्हता, पण त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रांचा हिशेब निघाला. परवाने बाराशेहून अधिक निघाले. त्यांतले कित्येक गुन्हे दाखल असलेल्यांच्या नावावर. पुढे बरेच रद्द झाले. परवान्यांचं दार सैल केलं की आत कोण शिरतं, ते यावरून कळावं. कोपीत राहणाऱ्या मजुराला काही परवाना मिळाला नव्हता.

आणि ज्याला खरोखर जीव घ्यायचा असतो, तो परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही. तो गावठी कट्टा घेतो. मध्य प्रदेशच्या सीमेवरचं उमरटी यासाठी प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलिसांनी तिथल्या भट्ट्यांवर छापा घातला. आमच्या गल्लीतले शिकलगार चाचा विळ्या-कोयत्यांना धार लावतात. तिकडेही शिकलगारच, पण हाती लेथ मशीन. प्रवरेकाठचं कोल्हार आमच्या जवळचं. कॉम्रेड गोविंद पानसरे तिथले. १६ फेब्रुवारी २०१५ला सकाळी फिरून येताना कोल्हापुरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या खिशात पिस्तूल असतं तर ते वाचले असते, असं म्हणणारेही मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त विचारतो, की ‘शिवाजी कोण होता?’ लिहिणारा माणूस फिरायला जाताना मागे वळून वळून किती वेळा बघणार?

पहाटे फजरच्या नमाजाला निघालो की रात्रपाळी करून परतणारे शेतकरी वाटेत भेटतात. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तांबारलेले. एकदा एकाला विचारलं, बंदूक मिळाली तर घेशील का? तो म्हणाला, ‘घेईन. पण लाईट दिवसा दिली, तर कशाला लागतीय?’

शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळीपाळीने येते. रात्री आली की माणसाला उसात जावंच लागतं, आणि बिबट्याची वेळही तीच. शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज देण्याची योजना राज्याने २०१७ साली आणली, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. ज्या फीडरला ती पोचली, तिथला गडी रात्री घरी झोपतो. जिथे पोचली नाही, तिथल्या लोकांनी बंदुकीऐवजी या विजेसाठी ग्रामसभेत ठराव करावा, दर महिन्याला वीज कार्यालयात जाऊन बसावं. तोवर एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावं, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावावीत, आणि वाकून काम करताना दुसऱ्याने उभं राहावं.