श्रोत्यांना जागलेला वादक : रोरी गॅलहर



आजच्या व्याख्यानाचा नायक आयर्लंडचा गायक आणि गिटारवादक रोरी गॅलहर हा आहे. त्याचे संगीत 'ब्लूज-रॉक' या नावाने ओळखले जाते. रॉक म्हणजे नुसता गोंगाट, अशी पुष्कळांची समजूत असते. म्हणून आधी ब्लूज म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांनी हे गाणे घडविले. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसरीत तिला उत्तर द्यावयाचे. मधल्या रिकाम्या जागी गिटार बोलते. आपल्याकडील जात्यावरच्या ओवीसारखेच हेही कष्टातून आलेले गाणे. त्याला विजेच्या गिटारीची आणि जोरकस तालवाद्यांची जोड मिळाली, की ते ब्लूज-रॉक होते.

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ रोजी बॅलिशॅनन या गावी झाला. तो वाढला कॉर्क शहरात. हे दूरदेशीचे गाणे त्याला रेडिओवर भेटले. १९६३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने जवळजवळ १०० पौंडांची एक वापरलेली स्ट्रॅटोकॅस्टर गिटार उधारीवर घेतली. ते पैसे फेडावयाचे, म्हणून तो नृत्यगृहांत लोकप्रिय गाणी वाजविणाऱ्या एका बँडमध्ये शिरला. १९६६ मध्ये त्याने 'टेस्ट' हा स्वतःचा संच उभारला. १९७१ पासून तो स्वतःच्या नावाने कार्यक्रम करू लागला.

याच सुमारास उत्तर आयर्लंड पेटले होते. १९६९ पासून १९९८ च्या करारापर्यंत चाललेल्या त्या संघर्षात साडेतीन हजारांवर माणसे मेली. बेलफास्टमध्ये बाँब फुटत होते, आणि बाहेरचे नामांकित वादक तेथे पाऊल टाकावयास धजत नव्हते. ही भीती खोटी होती काय? मुळीच नव्हे. जुलै १९७५ मध्ये 'मायामी शोबँड'चे तीन वादक कार्यक्रमाहून परतताना रस्त्यात मारले गेले. पण रोरीने बेलफास्टला जाणे सोडले नाही. तेथील अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट तरुण एकाच छताखाली त्याचे वादन ऐकत. त्याने भाषण केले नाही, कोणाची बाजू घेतली नाही. तो फक्त आला आणि वाजवून गेला. 'आयरिश टूर ७४' या ध्वनिमुद्रिकेत त्या दौऱ्याचे वादन आजही ऐकावयास मिळते.

हीच वृत्ती त्याच्या साऱ्या कारकिर्दीत दिसते. विक्रीचा सोपा मार्ग म्हणजे एकेका गाण्याची तबकडी काढणे; त्याने त्याला ठाम नकार दिला. जानेवारी १९७५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स' या जगप्रसिद्ध संचाने त्याला रॉटरडॅमला वाजवावयास बोलाविले. तो गेला, वाजविले. परंतु जपानचा दौरा आधीच ठरलेला होता, म्हणून तेथून निघाला. ती जागा मग दुसऱ्याला मिळाली.

या निष्ठेचे केवळ गोडवे गाऊन मात्र चालणार नाही. तिची किंमत फार मोठी होती. अखंड प्रवास, मद्य, आणि विमानाच्या भीतीवर घेतलेली औषधे यांनी त्याचे यकृत खंगले. यकृतरोपणानंतर संसर्ग होऊन १४ जून १९९५ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, तो लंडनमध्ये वारला. श्रोत्यांना दिलेला शब्द पाळणारा हा माणूस स्वतःच्या देहाची तेवढी काळजी घेऊ शकला नाही, ही गोष्ट आपण रसिकांनीही ध्यानात ठेवली पाहिजे. कलावंताकडून आपण नेहमी मागतच असतो. तो कधी थकतो, हे सहसा विचारीत नाही.

त्याची ती उधारीची गिटार घामाने रंग उडून पार उघडी पडली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला. आठ लाखांहून अधिक पौंड मोजून ती घेतली गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये अल्स्टर हॉलबाहेर त्याचा पुतळाही उभा राहिला. ज्या शहरात लोक यावयास भीत होते, त्या शहराने आलेल्या माणसाची आठवण ठेवली. संकटात कोण आले, हे लोक विसरत नाहीत.