गाव आपलं, फाटक कुणाचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला गोड बोलावं अशी रीत आहे. विहारासाठी कुणी विटा वाहिल्या, कुणी पत्रे दिले, हे सांगायला आम्हांलाही आवडलं असतं. पण आज आम्ही विहाराभोवतीच्या जमिनीबद्दल बोलणार आहोत. माणसं गावात टिकली तरच विहारात दिवा लागेल, म्हणून बोलणार आहोत.

कसाऱ्याच्या गाडीनं येताना वासिंद, आसनगाव, आटगाव ही स्टेशनं बघा. जिथं भाताची खाचरं होती तिथं इमारती उभ्या आहेत. मुरबाडहून माळशेजकडे निघा, रस्त्याच्या कडेला फलक दिसतील : फार्महाऊस, वीकेंड होम, बंगलो प्लॉट. त्यात ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. नागपूर ते मुंबईचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. रस्ता चांगला आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण रस्त्याआधी एजंट येतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्या वरकस जमिनीत आपल्या आज्या नाचणी-वरी पिकवायच्या, तिचा भाव आता एकरात नाही, गुंठ्यात सांगतात.

आमच्याच वाड्यातली गोष्ट सांगतो. एका घरानं दोन एकर जमीन विकली. मुलीचं लग्न झालं, स्लॅबचं घर झालं, मोटरसायकल आली. तीन वर्षांत पैसा संपला. आज त्या घरचा कर्ता माणूस त्याच जमिनीवर वॉचमन आहे. शनिवारी मालकाची गाडी आली की उठून फाटक उघडतो. स्मशानाकडे जाणारी आपली पायवाट त्याच कंपाउंडात गेली. मागच्या पावसाळ्यात मयत घेऊन आम्ही फाटकाबाहेर अर्धा तास उभे होतो, कारण चावी मालकाकडे आणि मालक मुंबईत. त्या वॉचमनची मान वर होत नव्हती. त्याच्याकडे बघून आमचीही झाली नाही.

बंधू-भगिनींनो, फाटक उघडून उभं राहण्याचं हे काम आपल्याला नवं आहे का? आपल्या वाडवडिलांनी वतनाच्या तुकड्यापायी काय केलं? सरकारी टपाल वाहिलं, मयताच्या खबरी पोचवल्या, साहेबाच्या घोड्यापुढं धावले. ही चाकरी सुटावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाचं विधेयक मांडलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं ही वतनं रद्द झाली. भोगवट्याची किंमत भरल्यावर जमीन वतनदारांकडे राहिली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकायची नाही अशी अट पडली. चाकरी गेली आणि जमीन राहिली, हे आपल्या हक्काचं. आता जमीन देऊन चाकरी मागून घेतली, तर हा व्यवहार उलटा झाला की नाही?

वतनाची अट आपल्याला जाचते, पण ती कुंपणही आहे. पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ साली राज्यभर गाजला. शहर जवळ आलं की या जमिनीवर किती मोठ्या नजरा जातात, ते त्यावरून समजावं.

आता मुंबईकडे बघू. आपली किती घरं गिरणीच्या पगारावर चालली! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून कायमच्या थंड पडल्या. त्या जागेवर मॉल आणि टॉवर आले. गिरणगावचा माणूस लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडे सरकत गेला. पण सगळेच सरकले नाहीत. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतले रहिवासी दाटीवाटीत राहिले, भांडले, पण जागा सोडली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर.

हे दुखणं जगभरचं आहे. १९७२ साली आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. ती संघटना १९६६ साली ओकलंड शहरात जन्मली. १९८० मध्ये त्या शहरात जवळजवळ निम्मी वस्ती काळ्या लोकांची होती. २०२० च्या शिरगणतीत ती पाचव्या हिश्शाच्या आसपास उरली. कुणी काठी घेऊन हाकललं नाही. घरभाडं वाढलं, शेजारी श्रीमंत गोरे लोक आले, आणि चळवळीचं गाव चळवळ करणाऱ्यांच्या हातून निसटलं.

आपल्याकडचं पाणी तरी वेगळं काय सांगतं? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे, भातसाही देते. आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. पाणी गेलं, आता जमीन चालली.

नवे लोक सगळेच वाईट असतात असं आम्ही म्हणत नाही. काही जण विहारात येऊन बसतात, पोरांना पुस्तकं देतात. त्यांचं स्वागत आहे. शेजारी म्हणून या, मालक म्हणून नको, एवढंच आमचं म्हणणं.

मग करायचं काय? पहिलं, या महिन्यात प्रत्येक घरानं आपला सात-बारा काढून बघावा. आजोबांच्या नावावरच राहिला असेल तर वारसनोंद करून घ्यावी. दुसरं, इसारपावती असो की कुलमुखत्यारपत्र, विहारात चार माणसांपुढं वाचून घेतल्याशिवाय अंगठा-सही नको. तिसरं, बहिणींनो, २००५ च्या दुरुस्तीनं मुलीचा हिस्सा मुलाइतकाच झाला आहे. भाऊ प्रेमानं हक्कसोड पुढं करील, तुम्ही प्रेमानंच वाचायला मागा. चौथं, स्मशानाची वाट, विहिरीची वाट ग्रामसभेत मांडून दप्तरी नोंदवून घ्या. तोंडी वाट कंपाउंडात जाते, लेखी वाटेसाठी निदान भांडता येतं.

आणि एक कडू गोष्ट. आपल्या शेजारी कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. त्यांतल्या कित्येक घरांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. त्यांना उठवायला एजंट येतो तेव्हा त्याच्या गाडीत आपलाच एखादा पोरगा दलाल म्हणून बसलेला असतो. पंचशील घेऊन बाहेर पडणाऱ्याला हे शोभतं का? आपल्या कागदांबरोबर त्यांचेही कागद वाचून देऊ, तरच विहाराला अर्थ.

अडचण कुणाला नसते? आजारपण येतं, फी भरायची असते, विकावं लागतं. त्या घराला आम्ही दोष देणार नाही. पण विकण्याआधी एकदा विहाराची पायरी चढा. पौर्णिमेच्या वर्गणीतून सगळं भागणार नाही, पण घाईत होणारी सही महिनाभर थांबेल. तेवढ्या महिन्यात पुष्कळ जमिनी वाचतील.

तो वॉचमन आज इथंच मागच्या रांगेत बसला आहे. त्यानंच आम्हांला सांगितलं, हे सभेत बोला, नाव घेऊ नका. त्याच्या मुलानं यंदा भूमापनाचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली आहे. बापानं जमीन घालवली, पोरगा गावाची मोजायला शिकतो आहे. आमचा भरवसा त्या पोरावर आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.