प्रज्ञा आणि पूर्तता : चार्ल्स बॅबेजचे उदाहरण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



बुद्धीची वानवा असल्यामुळे मोठी कामे अडून राहतात, अशी एक सोयीस्कर समजूत आहे. विज्ञानाचा इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही. हेन्री कॅव्हेंडिशने विद्युतशास्त्रातील कित्येक नियम इतरांच्या आधी शोधले आणि कागद तसेच ठेवून दिले. मॅक्सवेलने ते १८७९ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कॅव्हेंडिशच्या मृत्यूला एकोणसत्तर वर्षे झाली होती. हात औषधी पाण्याने धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू रोखता येतात, हे सेमेलवाइसने १८४७ साली व्हिएन्नात दाखवून दिले. परंतु सविस्तर ग्रंथ लिहायला त्याने १८६१ साल उजाडू दिले, आणि मग विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरवले. म्हणणे खरे होते. ते ऐकणारे कान मात्र त्याने स्वतःच बंद करून टाकले.

या सर्वांत अधिक बोधप्रद कहाणी चार्ल्स बॅबेजची आहे. १७९१ साली जन्मलेला हा लंडनचा गणिती सावकाराचा मुलगा. पैशाची ददात त्याला कधी नव्हती. त्या काळी नौकानयन, खगोलशास्त्र, विमा हे सारे व्यवहार छापील गणिती कोष्टकांवर चालत. ती माणसे हाताने करीत, हाताने उतरून घेत, हाताने जुळवीत. प्रत्येक पायरीवर चुका. ही आकडेमोड यंत्राकडून करून घ्यावी व छपाईही त्याच्याकडेच सोपवावी, ही बॅबेजची कल्पना. १८२२ साली त्याने छोटी प्रतिकृती चालवून दाखवली. पुढच्या वर्षापासून सरकारी पैसा मिळू लागला. १८४२ पर्यंत हा खर्च सतरा हजार पौंडांवर गेला आणि यंत्र पुरे झाले नाही.

का झाले नाही? पहिले कारण माणसाशी वागण्यात सापडते. सुटे भाग करणारा जोसेफ क्लेमेंट हा विणकराचा मुलगा, इंग्लंडमधील अव्वल कारागीर. एकसारखे हजारो भाग घडवायचे तर त्यासाठीची हत्यारेच आधी घडवावी लागत होती; म्हणजे यंत्रात क्लेमेंटच्या प्रज्ञेचाही वाटा होता. बॅबेजच्या लेखी तो नोकर राहिला. बिलांवरून वाद झाले. बॅबेजच्या घराशेजारी नवे कारखानाघर बांधले गेले आणि क्लेमेंटने तेथे हलावे असे ठरले. त्याने भरपाई मागितली, ती नाकारली गेली, आणि १८३३ साली त्याने काम थांबवले. धंद्याच्या रिवाजाप्रमाणे खास हत्यारे कारागिराची. ती त्याच्याकडेच राहिली. घडलेले हजारो भाग पुढे बहुतांशी भंगारात वितळवले गेले.

येथे एक उपरोध नोंदवण्याजोगा आहे. याच बॅबेजने १८३२ साली यंत्रे व कारखानदारी यांच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला. काम तुकड्यांत वाटले की मालकाला महागडे कौशल्य हवे तेवढेच विकत घेता येते, बाकी काम स्वस्त मजुरांकडून उरकता येते, हे त्याने त्यात उलगडले. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या ग्रंथाचा आधार घेतला आहे. श्रमाचा हिशेब इतका नेमका जाणणाऱ्या माणसाला आपल्याच कामातील श्रमिकाशी जुळवून घेता आले नाही.

दुसरा दोष अधिक मोहक, म्हणून अधिक घातक. १८३४ साली बॅबेजला पहिल्याहून कितीतरी श्रेष्ठ यंत्र सुचले. गणित करणारा भाग वेगळा, आकडे साठवणारा भाग वेगळा, हुकूम छिद्रांच्या पत्त्यांवर. आजच्या संगणकाची मांडणीच जणू. कल्पना अलौकिक होती. परंतु जुने अपुरे असतानाच नवे अधिक चांगले आहे, हे त्याने सरकारला कळवले आणि आता काय करावे, असा प्रश्न टाकला. पैसा देणाऱ्याने यातून काय अर्थ घ्यावा? (घटनेचा मसुदा दर वर्षी सुधारला जातो आणि शाखेची बैठक होत नाही, हा प्रकार कार्यकर्त्यांना अपरिचित नसावा.)

तिसरा दोष कलहाचा. १८३० साली त्याने इंग्लंडमधील विज्ञानाच्या अवनतीवर पुस्तक लिहून रॉयल सोसायटीचे वाभाडे काढले. त्यातील पुष्कळसे खरे होते. मात्र ज्यांच्या शिफारशीवर यंत्र अवलंबून, त्यांनाच त्याने दुखावले. १८४२ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान पील यांची भेट मिळाली, तेव्हा यंत्राचा उपयोग समजावून देण्याऐवजी त्याने आपल्यावरील अन्यायाचा पाढा वाचला. दोघेही चिडले; भेट निष्फळ ठरली.

पुढच्याच वर्षी एक संधी दाराशी आली. एडा लव्हलेस हिने नव्या यंत्रावर विस्तृत टिपा लिहिल्या होत्या. त्यांना सरकारविरोधी निनावी तक्रार जोडण्याचा बॅबेजचा आग्रह तिने धुडकावला. मग यंत्राची बाहेरची व्यवहाराची बाजू आपण सांभाळू, त्याने यंत्र पाहावे, असा स्पष्ट अटींसह प्रस्ताव तिने दिला. बॅबेजने अटी नाकारल्या. स्नेह टिकला, यंत्र राहिले.

स्वभावाला एवढे महत्त्व देणे म्हणजे परिस्थिती विसरणे नव्हे काय, असा आक्षेप येथे निघेल. तो रास्त आहे. संशोधनाला पैसा देण्याची स्थिर पद्धत त्या राज्यात नव्हती. स्क्रूच्या आट्यांचेही प्रमाण ठरलेले नव्हते. ते पुढे १८४१ मध्ये सुचवणारा व्हिटवर्थ क्लेमेंटच्याच कारखान्यात काम करून गेला होता. एका कारागिराच्या दुकानावर सारा भार पडला, तो उगाच नाही.

पण या आक्षेपाला एक उत्तर स्टॉकहोममध्ये मिळाले. बॅबेजच्या यंत्रावरील १८३४ चा लेख वाचून गेओर्ग श्यूट्स या छापखानेवाल्याने मुलगा एड्वर्ड याच्यासह तसले यंत्र करण्याचा ध्यास घेतला. १८४३ मध्ये नमुना आणि १८५३ मध्ये पूर्ण यंत्र तयार झाले. ते ओबडधोबड होते, कधी अडत असे. पण कोष्टके छापीत असे. त्याची दुसरी प्रत इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्याने विकत घेतली. दुसरे उत्तर लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने दिले. बॅबेजच्या १८४० नंतरच्या सुधारित आराखड्यावरून, त्याच्या काळी साधेल एवढ्याच काटेकोरपणाने, त्यांनी १९९१ साली गणनयंत्र उभे केले. ते चालले.

श्यूट्स पितापुत्र लंडनला आले, तेव्हा मात्र या भांडखोर माणसाने अनपेक्षित औदार्य दाखवले. त्याने त्यांच्या यंत्राची मनापासून तरफदारी केली, आणि त्याचा मुलगा हेन्री याने त्या यंत्राचे आराखडे काढून विद्वानांना समजावून दिले. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्या यंत्राला सुवर्णपदक मिळाले. बॅबेज तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. १८७१ साली वारला तोपर्यंत तो आपल्या नव्या यंत्राचे आराखडे सुधारीतच होता.