चंद्राच्या कला आणि माणसाचे मन

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात ग्रामस्थांसमोर केलेले भाषण)



मंदिराच्या कार्यात बुवांनी बोलावे आणि कारकुनाने पावत्या फाडाव्यात, अशी आपली रीत आहे. तरीही समितीने मला चार शब्द बोलण्याचा मान दिला, त्याबद्दल मी आभारी आहे. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे. मी विद्वान नाही. पण तालुका कचेरीत वीस वर्षांहून अधिक काळ माणसांचे अर्ज घेता घेता माणसांच्या अडचणीही कानावर येतात. त्यांतील एका अडचणीविषयी आज बोलावयाचे आहे.

आपल्या मंदिराचे सारे वर्ष चंद्रावर चालते. हनुमान जयंती, वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, नारळी पौर्णिमा, कोजागरी, त्रिपुरी, दत्तजयंती, होळी हे सर्व पौर्णिमेचे सण. वीज नव्हती त्या काळी रात्रीचे भजन, पालखी, जागर हे चांदण्यातच सोयीचे होते, हेही त्यामागचे एक कारण असावे. पुरुषसूक्तात चंद्राचा जन्म मनापासून झाल्याचे सांगितले आहे, आणि ज्योतिषी चंद्राला मनाचा कारक मानतात. तेव्हा चंद्र आणि मन यांची सांगड आपल्याकडे फार जुनी आहे.

ही सांगड फक्त आपलीच आहे असेही नाही. रोमन लोक चंद्राच्या देवतेला लूना म्हणत. त्यावरून वेड्या माणसाला इंग्रजीत ल्युनॅटिक हा शब्द आला. तो शब्द थेट कायद्यात जाऊन बसला. आपल्या देशात १९१२ सालचा इंडियन ल्युनसी ॲक्ट कितीतरी वर्षे लागू होता. पुढे १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो १९९३ पासून अमलात आला, आणि आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. म्हणजे कायद्याने चंद्राचे नाव केव्हाच खोडले. आपल्या घरांतून ते अजून खोडले गेलेले नाही.

आता खरे काय ते पाहू.

चंद्राचा जोर आपल्याला कुणी शिकवायला नको. कशेळी-काल्हेरच्या खाडीवर ज्यांनी जाळे टाकले, ज्यांनी खारजमिनीचे बांध राखले, त्यांना उधाण कोणते आणि भांग कोणता हे ठाऊक आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकत्र होते, आणि उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ काटकोनात पडते आणि भांग लागतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे जाते. हा हिशेब साफ खरा आहे.

यावरून पुष्कळ जण म्हणतात की माणसाच्या शरीरात पाणीच जास्त, मग चंद्र समुद्राला ओढतो तसा मेंदूलाही ओढणारच. ऐकायला हे पटते. पण मी विचारतो, आपल्या गावच्या विहिरीला कधी भरती आली आहे काय? तळ्याचे पाणी पौर्णिमेला काठ सोडून वर चढले आहे काय? नाही. भरती येते ती पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूला ओढ थोडी जास्त आणि पलीकडील बाजूला थोडी कमी पडते म्हणून. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून तो फरक समुद्रात दिसून येतो. साडेपाच फुटांच्या माणसात डोक्यापासून पायापर्यंत तो फरक इतका सूक्ष्म की नसल्यातच जमा. शिवाय अमावास्येला चंद्र कुठे जात नाही. तो होता तेवढाच, होता तिथेच असतो. फक्त त्याची उजेडाची बाजू आपल्याकडे नसते.

मग लोकांना अनुभव येतो तो कसला? अमावास्येला घरात भांडण झाले, की आपण म्हणतो, अमावास्याच ती. नवमीला झाले, तर तिथी कुणी बघत नाही. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर, हजेरीपटावर महिन्यातून दोनच दिवस खूण करायची आणि बाकीचे रकाने कोरे ठेवायचे, असा हा प्रकार आहे. अशा हजेरीपटावर कुणाचा पगार निघणार नाही. दुसरे असे की, आषाढी अमावास्येला गटारी म्हणून जी झोंबाझोंबी होते, तिचे कारण आकाशात शोधू नये, ते बाटलीत असते. संकष्टीला दिवसभर पोटात काही नाही आणि चंद्रोदय रात्री उशिरा, तेव्हा चिडचिड झाली तर त्यात चंद्राचा दोष नाही.

शास्त्रज्ञांनी हा हजेरीपट पूर्ण भरून पाहिला आहे. १९८५ साली रॉटन आणि केली या दोन संशोधकांनी त्यापूर्वीचे ३७ अभ्यास एकत्र करून तपासले. वेड्यांच्या इस्पितळातील दाखले, गुन्हे, सारे पाहिले. चंद्राच्या कलांशी त्यांचा धरण्याजोगा संबंध त्यांना आढळला नाही.

तरी एका बाबतीत चंद्राचे नाव पूर्ण पुसता येत नाही, आणि ती बाब म्हणजे झोप. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ३३ माणसांच्या झोपेच्या नोंदी तपासल्या. पौर्णिमेच्या सुमारास त्यांची झोप सुमारे वीस मिनिटांनी कमी आणि थोडी उथळ होत होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी याहून मोठ्या गटात पाहिले, तर तसे काही सापडले नाही. २०२१ साली अर्जेंटिनातील आदिवासी वस्त्यांत मनगटाला यंत्रे बांधून अभ्यास झाला. पौर्णिमेच्या आधीच्या रात्री माणसे उशिरा झोपत व कमी झोपत, असे त्यात दिसले. शुक्ल पक्षाच्या अखेरीस संध्याकाळीच चंद्र वर असतो, चांदणे असते, माणसे जागतात. आपले आजोबा अंगणात भजन करीत जागत, तेही याच रात्री.

अमेरिकेतील डॉक्टर थॉमस वेर यांनी १७ रुग्णांच्या दीर्घ नोंदी तपासल्या. या रुग्णांना कधी फार उत्साह, कधी फार खिन्नता, असा वरचेवर पालटणारा आजार होता. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात. त्यांचे पालटणे चंद्राच्या चक्राशी जुळत असल्याचे त्यांना दिसले. रुग्ण थोडे आहेत, तेव्हा यावर इमला बांधू नये. पण एवढे सर्व डॉक्टर मानतात की अशा आजारात झोप मोडली की आजार उसळतो.

आता आपल्या गावाकडे पाहा. पौर्णिमेचे चांदणे म्हणजे पाव लक्सच्या आसपास उजेड. ट्यूबलाईटच्या खोलीत तो शंभर लक्सच्या आगेमागे असतो. गोदामांचे दिवे रात्रभर जळतात, ट्रकांची ये-जा थांबत नाही, भिवंडीचे यंत्रमाग रात्रपाळीला खडखडतात, आणि अंथरुणात मोबाईल डोळ्यांसमोर असतो. पूर्वी महिन्यातून चार-सहा रात्री चांदण्याच्या असत, आता तीसही रात्री पौर्णिमा झाली आहे. मन बिघडण्याचे कारण शोधायचे तर आधी इथे शोधावे.

हे सर्व सांगण्याचे कारण एक घटना आहे. घराण्याचे आणि गावाचे नाव घेणार नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक माउली कचेरीत आली होती. दाखला कशासाठी, तर मुलाच्या औषधोपचारासाठी. मुलगा मागावर रात्रपाळी करणारा. आधी झोप गेली, मग बडबड वाढली, मग जेवण सुटले. घरच्यांनी तिथी पाहिली, तर अमावास्या जवळ. मग अमावास्या जाऊ द्या, उतरेल, असे ठरले. ती गेली, तर पुढची धरली. असे पाच महिने गेले. मधे भगताने त्याला खांबाला बांधून मारले, त्याचे वळ पाठीवर राहिले. शेवटी मामाने त्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयात नेले. आज तो दिवसपाळीला कामावर जातो, गोळ्या अजून चालू आहेत. त्या माउलीचे एकच वाक्य माझ्या लक्षात आहे: "भाऊसाहेब, पाच अमावास्या मोजल्या हो आम्ही." चंद्राने त्या मुलाचे काही बिघडवले नव्हते. वाट पाहण्याने बिघडवले.

म्हणून माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे.

पहिली. घरात कुणाची झोप सलग उडाली, वागणे बदलले, जगण्यावरची इच्छा गेली, तर तिथी पाहू नका, डॉक्टर पाहा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे आणि आपल्यापासून दूर नाही. १४४१६ या क्रमांकावर टेली मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून मिळते. तिथे फोन करण्यास पैसे लागत नाहीत.

दुसरी. कालनिर्णय प्रत्येक घरी भिंतीवर असतेच. रुग्णाच्या घरच्यांनी त्याच्या रकान्यात रोज लिहावे, किती तास झोपला, मन कसे होते. तीसही दिवस लिहावे. चंद्राचा संबंध असेल तर त्यात दिसेल, नसेल तर तेही दिसेल, आणि डॉक्टरांना ती नोंद उपयोगी पडेल.

तिसरी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असे कुठे दिसले तर गप्प बसू नका.

यात देवाधर्माला कुठे बाधा येत नाही. कोजागरीचे दूध चंद्राला दाखवावे, त्रिपुरीला दीपमाळ लावावी, भजनाला आजारी माणसालाही सोबत आणून बसवावे. चार माणसांत बसल्याने त्याला बरेच वाटेल. आपण वर्गणी काढून या मंदिराची भिंत पडण्याआधीच बांधून घेतली, पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबलो नाही. माणसाच्या बाबतीतही तेवढीच घाई करावी, एवढेच माझे मागणे आहे.