कुरणातली शाळा
(फुलपाडा येथील बैठकीतले भाषण)



याच जिल्ह्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचं काम मांडलं. पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं गुरांमागं, म्हणून बाईंनी शाळाच कुरणात नेली. आम्ही शेतीची पदवी घेतली, ही अक्कल तिथं शिकवली नाही.

आपल्याकडं भात कापणीला आलं की पहिली शाळा सुटते ती पोरीची. सोडवणारे आपणच, सरकार नव्हे. आणि बायकी चालीचं पोर टिंगलीला कंटाळून पळतं, त्याला तर घरही तुटतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना ओळख दिली, शिक्षणात आरक्षण द्या म्हटलं. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी उभ्या राहिल्या.

पुढच्या बैठकीला येताना गावातली शाळा सुटलेली पोरं मोजून या. कापणी तोंडावर आहे.