महामार्गाखालची मोरी

आषाढांतील एखादी रात्र. माथेरानच्या डोंगरावर पावसानें ठाण मांडलेलें, पनवेलची गाढी नदी दुथडी भरून चाललेली, आणि न्हावा-शेवा बंदराकडून आलेल्या अवजड मालगाड्यांची रांग महामार्गावरून पुढें सरकत आहे. मोटारींत बसलेल्या कुटुंबाला रस्ता दिसतो, दिवे दिसतात. परंतु चाकांच्या खालून, एका नळांतून, पाणी रस्ता ओलांडीत आहे हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. या नळालाच मोरी म्हणतात. घरांतील मोरी तुंबली तर सारें घर जागें होतें. रस्त्याची मोरी बिघडली तर रस्ता खचेपर्यंत कोणी जागें होत नाहीं.

पनवेल हें वाटांचें गांव. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हांपासून पुण्याची वाट येथूनच. गोव्याचा रस्ता पळस्प्याहून दक्षिणेस वळतो. २००२ सालीं पूर्ण झालेला सुमारें ९५ किलोमीटरांचा द्रुतगति मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून निघतो. डोंगराचें पाणी खाडीकडे धांवतें तें या रस्त्यांना जागोजाग आडवें येतें, आणि प्रत्येक ठिकाणीं त्याला वाट करून द्यावी लागते. पुष्कळ ठिकाणीं ती वाट म्हणजे काँक्रीटचा गोल नळ, लोकांच्या तोंडचा ‘ह्यूम पाईप’. ऑस्ट्रेलियांतील वॉल्टर ह्यूम यानें फिरत्या सांच्यांत काँक्रीट घालून नळ घडविण्याची युक्ति काढली. तीच पुढें नेण्यासाठीं वालचंद हिराचंद यांनीं १९२६ सालीं मुंबईंत इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली.

नळ फुटतो तो एकदम नव्हे. आधीं दोन नळांमधील सांधा ढिला होतो. पावसाळ्यांत त्या फटींतून भोंवतालची माती पाण्याबरोबर आंत झिरपते व वाहून जाते. ही चोरी वर्षानुवर्षें चालते. नळाच्या माथ्यावर पोकळी होते, ती वर वर चढत जाते, आणि डांबराचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक उरतो. एके दिवशीं जड गाडीचें चाक त्यावर पडतें, तेव्हां रस्त्याला भगदाड पडलेलें दिसतें.

जुना उपाय म्हणजे रस्ता खणणें. पण ज्या रस्त्यावर गाड्यांचा ओघ रात्रंदिवस खळत नाहीं, तो आडवा कापावयाचा म्हणजे वाहतूक वळवावी लागते, चराच्या भिंती ढांसळूं नयेत म्हणून धीर द्यावा लागतो, आणि भरलेली माती कितीही ठोकली तरी पुढें ती थोडीबहुत बसतेच. म्हणून आंतूनच नवा नळ घालण्याची विद्या पुढें आली. १९७१ सालीं लंडनमध्यें एरिक वुड या इंग्रज अभियंत्यानें सुमारें ७० मीटर लांबीच्या जुन्या विटांच्या गटारावर ती प्रथम आजमावली.

तिची रीत अशी. प्रथम नळ धुऊन त्यांत चाकांवरचा कॅमेरा सोडतात; फट कोठें आहे तें पडद्यावर दिसतें. मग राळेसारख्या रसायनांत भिजविलेली नमद्याची लांब पिशवी, सदऱ्याची बाही उलटावी तशी, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबानें उलटीत उलटीत आंत सारतात. ती जुन्या नळाला सर्वांगानें चिकटते. त्यानंतर ऊन पाणी, वाफ किंवा अतिनील किरण यांनीं रसायन कठीण होतें. जुन्या नळाच्या पोटांत बिनसांध्याचा नवा नळ तयार! मोठ्या नळांत याऐवजीं अंमळ लहान नळ सरकवून मधली जागा सिमेंटच्या पातळ गिलाव्यानें भरतात.

यावर सूज्ञ श्रोता विचारील, नळ अरुंद झाला त्याचें काय? १२०० मिलिमीटरच्या नळास २० मिलिमीटर जाडीचें अस्तर दिलें तर वहनशक्ति सुमारें नऊ टक्क्यांनीं घटते. परंतु अस्तर गुळगुळीत असल्यानें हा तोटा बहुधा भरून निघतो. मात्र पाणी मोरीच्या मुखाशींच अडत असेल, तर आंतल्या गुळगुळीतपणाचा उपयोग नाहीं. तेथें मुखाचा आकारच सुधारावा लागतो. नळ मुळांतच लहान असेल किंवा पुरता चेपला असेल, तर खणण्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि नळाबाहेरची पोकळी निराळी भरली पाहिजे. केवळ अस्तर घालून ती झांकणें म्हणजे पोकळ दांताला वरून चांदीचा मुलामा देणें होय. रसायनाची वाफ व उरलेलें पाणी ओढ्यांत जाऊं न देणें, हेंही कंत्राटदाराचें कर्तव्य आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं याच गोव्याच्या रस्त्यावर महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश काळांतील पूल पुरांत कोसळला आणि एस. टी. च्या दोन गाड्यांसह अनेक माणसें वाहून गेलीं. तो पूल होता, मोरी नव्हे. परंतु धडा एकच. रस्त्याचें आयुष्य वरच्या डांबरावर ठरत नाहीं, खालच्या पाण्याच्या वाटेवर ठरतें. वैशाखांत घराचीं कौलें चाळणारा गृहस्थ जसा पावसाची वाट पाहत बसत नाहीं, तसाच मृग लागण्यापूर्वीं प्रत्येक मोरीच्या पोटांत दिवा गेला पाहिजे. अस्तर घालण्याची विद्या हातीं आली आहे. परंतु फट वेळेवर पाहणारा डोळा नसेल, तर ती विद्या नुसती गोदामांत पडून राहील, आणि वरून गाड्या निर्धास्तपणें धांवत असतील.