लवचीक क्ष-किरण संवेदक : विज्ञान आणि अर्थकारण



विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. तेव्हापासून प्रतिमा टिपणारे माध्यम काचपट्टीवरून फिल्मवर आणि फिल्मवरून अंकीय फलकावर आले. पण ते बहुतांशी सपाटच राहिले. वक्र वस्तूचे काही भाग फलकापासून दूर राहतात आणि त्यांची प्रतिमा मोठी व अस्पष्ट उमटते.

प्रचलित फलकात सीझियम आयोडाइडसारखा प्रस्फुरक पदार्थ क्ष-किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. त्याखालील अस्फटिकी सिलिकॉनचे संवेदक त्या प्रकाशापासून विद्युतभार निर्माण करतात. हे मंडल सामान्यतः काचेवर घडवलेले असते. काचेऐवजी प्लॅस्टिकचा थर वापरल्यास फलक हलका होतो आणि सहज फुटत नाही. मात्र वाकणे वेगळे आणि ताणले जाणे वेगळे.

ताणल्या जाणाऱ्या माध्यमाचा एक मार्ग २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून पुढे आला. सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठ आणि चीनमधील फुझोऊ विद्यापीठ येथील संशोधकांनी टर्बियमयुक्त नॅनोकण सिलिकॉन रबरात मिसळले. ही पट्टी वस्तूभोवती गुंडाळता येते. क्ष-किरणांची ऊर्जा कणांत साठून राहते; उष्णता दिल्यावर ती प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि कॅमेऱ्याने टिपता येते. प्रतिमा १५ दिवसांहून अधिक काळ टिकते आणि मिलिमीटरमागे २० हून अधिक रेषाजोड्या वेगळ्या दिसतात. अर्थात, यात चित्र नंतर वाचावे लागते. हलत्या अवयवाचे थेट चित्रण होत नाही.

भारताच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या १०० दिवसांच्या क्षयरोग निर्मूलन मोहिमेत हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. यंत्र गावोगावी फिरणार असेल, तर हलका व न फुटणारा फलक वाहतूक आणि दुरुस्ती या दोन्ही खर्चांत बचत करू शकतो.

परंतु कच्च्या मालाचे काय? या नॅनोकणांना टर्बियम व ल्युटेशियम लागते. भारतीय किनाऱ्यावरील मोनाझाइटमध्ये हलकी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये विपुल आहेत, तर ही जड मूलद्रव्ये अत्यल्प आहेत. चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यांत या दोहोंचा समावेश होता.

तात्पर्य, प्रयोगशाळेतील यश रुग्णापर्यंत पोहोचण्यासाठी संशोधनाबरोबरच खनिज शुद्धीकरण, जुन्या उपकरणांतून धातूंची पुनःप्राप्ती आणि देशांतर्गत उत्पादन यांची सांगड घालावी लागेल. अन्यथा फलक लवचीक होईल, पण परावलंबन तसेच राहील.